सूनबाई आणि खाडीचा तळ

सोमवार, ३ मार्च

ही वही यांनी आणून दिली. "ऑफिसातून आलीस की आधी हिच्याशी बोल, मग माझ्याशी," म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बायकोला एवढी भेट पुष्कळ झाली. डॉक्टर माझा रक्तदाब पाहून म्हणाले होते, "मनात साठवू नका." मी मनात काही साठवते हा डॉक्टरांचा गैरसमज आहे. यांचा तसा गैरसमज अजिबात नाही, म्हणून वही.

तर आजचं. साहेबांनी सकाळी सगळ्यांना बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत आणि बोटीत पाय ठेवला की त्यांना मळमळतं. म्हणूनच बहुधा त्यांना किनारी सर्वेक्षण कार्यालयाचं प्रमुख केलं असावं. भिंतीवर खाडीचा नकाशा लावला होता आणि त्यात एक लाल चौकोन. बंदर खोल करायचंय, मोठी जहाजं येणार, शहराचं भलं होणार. उपसलेला गाळ कुठेतरी टाकायला हवा, तो या चौकोनात टाकणार. मात्र त्याआधी दोन गोष्टी कागदावर याव्या लागतात. तिथे पाणी किती खोल आहे, आणि खाली कोणी राहत नाही ना.

"म्हणजे गाळ टाकायचं आधी ठरलं, आणि खाली काय आहे ते आता बघायचं?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता," साहेब म्हणाले.

मी या वर्षअखेरीला निवृत्त होते. हे माझं शेवटचं सर्वेक्षण. खोली मोजणं माझ्याकडे. खाली कोण राहतं ते बघायला विद्यापीठातून तज्ज्ञ येणार. साहेबांनी तज्ज्ञाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघून लॉटरी लागल्यासारखे हसले. तज्ज्ञ म्हणजे आमच्या सूनबाई.

"घरचंच माणूस! समन्वयाचा प्रश्नच नाही!"

साहेबांचं लग्न झालेलं नाही, एवढं इथे नोंदवून ठेवते.

शुक्रवार, ७ मार्च

सूनबाई आल्या. दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी पाण्यात उतरायचा पोशाख, हवेच्या टाक्या, एवढं मी धरून चालले होते. त्याशिवाय पुस्तकांची खोकी, थंडीचे दोन कोट (उन्हाळा तोंडावर आहे), एक तवा, रबराच्या झाडाची कुंडी आणि भिंतीवरचं घड्याळ. आमच्या घरात वेळ वेगळी चालते असं ऐकलं असेल कुणाकडून तरी.

चिरंजीव कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी आहेत, त्यामुळे तिकडचं घर बंदच. "भाडं वाचवलंत, चांगलं केलंत," मी म्हटलं. सूनबाई हसल्या. यांनी सगळी खोकी वर नेली, एकेक, हळुवार, जशी काचेचीच आहेत. यांचं कंबरदुखीचं दुखणं माझ्या भाजीच्या पिशवीपुरतंच असतं, हे आज कळलं.

सूनबाईंच्या बोटात अंगठी दिसली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "पाण्यात बोटं सुजतात, आई." अजून पाण्यात उतरायला चार दिवस आहेत. पण शास्त्रज्ञ माणसं पूर्वतयारी करतात.

मंगळवार, ११ मार्च

बोटीवरचा पहिला दिवस.

बोटीच्या पोटाखाली आमचं यंत्र बसवलेलं असतं. ते खाली आवाजाचा पंखा सोडतं. आवाज तळाला आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. आपण एवढंच करायचं की केर काढल्यासारखी बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची, वळवायची, शेजारच्या पट्ट्यातून परत आणायची. दिवसभर. एक कोपरा सुटता कामा नये. घरातला केर मी यांच्यावर सोडलाय, पण खाडीचा अजून कुणावर सोडलेला नाही.

सूनबाईंना मात्र पट्टे सरळ आवडत नाहीत. "मॅडम, इथे जरा थांबता येईल?" (बोटीवर मी मॅडम. घरी आई. बाईला दोन कपाटं आहेत आणि ती कपड्यांची अदलाबदल होऊ देत नाही.) थांबलो. कॅमेरा दोरीला बांधून खाली सोडला. दिसलं काय, तर गढूळ पाणी. परत चालू. परत, "मॅडम, इथे?"

आमचा कप्तान गेली कित्येक वर्षं माझ्याबरोबर आहे. तो सुकाणूवर हनुवटी टेकवून म्हणाला, "मॅडम, बोटीवर कप्तान एकच असावा असं मला शिकवलं होतं. आज मी धरून तिघं आहोत."

"तू स्वतःला धरू नकोस, मग दोघीच उरतो," मी म्हटलं.

सूनबाई मोठ्यानं हसल्या. बाई हसतात हे लग्नानंतर मला पहिल्यांदाच कळलं.

गुरुवार, २० मार्च

वाऱ्यामुळे बोट बंद. ऑफिसात बसून सफाई.

यंत्र जे ऐकतं ते सगळं खरं नसतं. मासळीचा थवा, बुडबुडे, दुसऱ्या बोटीचा पंखा, सगळे ठिपके पडद्यावर येतात. ते एकेक करून पुसले की खाली स्वच्छ तळ उरतो. या कामात माझा हात धरणारं ऑफिसात कोणी नाही. माझे नकाशे इस्त्री केलेल्या चादरीसारखे असतात, असं मागचे साहेब म्हणायचे. त्यांना बोटीवर यायला आवडायचं, पण तो काळ वेगळा होता.

लाल चौकोनात तळाच्या थोडं वर ठिपक्यांची एक साय आहे. सगळीकडे नाही, पण बऱ्याच भागात. वाऱ्याच्या दिवसांत असा कचरा येतो. पुसायला घेतलाय.

रविवार, २३ मार्च

चिरंजीवांचा फोन. तब्येत बरी, काम फार, तिकडे थंडी. मग म्हणाला, "ती काही बोलली का?"

"बोलते की. दिवसभर 'इथे थांबा, तिथे थांबा' करते."

"तसं नाही. म्हणजे... माझ्याबद्दल वगैरे?"

"तुझ्याबद्दल बोलायला बोटीवर वेळ कुणाला आहे? थांब, देते तिला. बागेत बाबांशी बोलतेय."

"नको नको, आई. राहू दे. दमली असेल."

इतका समजूतदार मुलगा मी वाढवला याचा मला अधूनमधून अचंबा वाटतो. याचे वडील मला झोपेतून उठवून विचारतात की चष्मा कुठे आहे.

बागेत जाऊन सूनबाईंना सांगितलं, "तुझी किती काळजी करतो बघ." सूनबाई कुंडीतली माती उकरत होत्या, उकरतच राहिल्या. हे माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघत होते, जसं मी वर्गात चुकीचं उत्तर दिलंय. भूगोलाचे मास्तर निवृत्त होतात, पण त्यांचा चेहरा होत नाही.

मंगळवार, २५ मार्च

आज आमचं वाजलं.

सूनबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या. मी साय पुसत होते.

"मॅडम, हे काय पुसताय?"

"कचरा."

"कशावरून?"

कशावरून! या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचं? माझे केस कशावरून पांढरे झाले?

"ते सगळीकडे तळापासून सारख्याच उंचीवर आहे," ती म्हणाली. "बुडबुडे असे शिस्तीत बसत नाहीत. समुद्री गवताच्या पात्यांत हवा असते. आवाज तळापर्यंत पोचायच्या आधीच पात्यांवरून परत फिरतो. मला वाटतं तुम्ही गवत पुसताय."

"या खाडीत गवत असतं तर मला माहीत नसतं?"

"कसं माहीत असणार? दर वेळी पुसलं असेल तर?"

शेजारच्या टेबलावरचा नकाशे रंगवणारा एकदम मन लावून पेन्सिलीला टोक काढू लागला. आमच्याकडे पेन्सिली कोणी वापरत नाही.

मी म्हटलं, "कॅमेऱ्यात दाखव, मग बोलू."

"पाणी गढूळ आहे. मला खाली जावं लागेल."

"चौकोनात ओढ जोराची असते. मी परवानगी देणार नाही."

"मग पुसू नका," ती म्हणाली आणि निघून गेली. घरी जेवताना मीठ मागितलं तेही यांच्यामार्फत.

गुरुवार, ३ एप्रिल

परवानगी दिली. साहेबांनी माझ्या डोक्यावरून परस्पर दिली असती, त्यापेक्षा मीच दिलेली बरी, हे एक कारण. दुसरं कारण असं काही नाही.

भरती थांबून ओहोटी लागायच्या आधी थोडा वेळ पाणी शांत असतं. त्या वेळात खाली जायचं, फोटो काढायचे, वर यायचं. बरोबर बंदराचा पाणबुड्या होता. दोघं खाली गेले. बुडबुडे दिसत होते तोवर ठीक होतं. मग बुडबुडे दोन ठिकाणी दिसू लागले. मग एकाच ठिकाणी. पाणबुड्या वर आला, आणि एकटाच आला.

"माझ्या मागेच होत्या," तो म्हणाला.

पाणी फिरलं होतं. बोटीची नांगराची दोरी ताणून वाजायला लागली. कप्तानानं स्वतःच त्या दोरीला हात घातला, याचा अर्थ मला माहीत आहे. मी दुर्बीण घेतली तर लाटाच लाटा. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. कप्तान म्हणतो, मी खाडीला शिव्या देत होते, आणि त्यातल्या दोन त्यालाही नवीन होत्या.

मग बरंच लांब, उजवीकडे, पाणबुड्यांचा खुणेचा नारिंगी फुगा दिसला. त्याच्याखाली ती. बोट तिथे पोचेपर्यंत मी कठड्यावर अर्धी बाहेर होते आणि माझा पट्टा पाणबुड्यानं धरून ठेवला होता.

वर घेतली. ओठ निळे, दात वाजताहेत, आणि हातात जाळीची पिशवी. त्यात हिरवी पाती, लांबच लांब.

"कुरण आहे, आई," ती म्हणाली. "अख्खं कुरण. संपतच नव्हतं. पात्यांवर अंडी आहेत, छोटे मासे आहेत बोटाएवढे, हजारो. मला कड सापडेना म्हणून थांबले."

बोटीवर आई म्हणाली. थंडीनं डोकं चालत नसेल.

मी माझा कोट तिच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, "गवत बघायला जीव द्यायचा असेल तर माझ्या बोटीवरून देऊ नकोस. मला खूप कागद भरावे लागतील." मग मी केबिनमध्ये जाऊन बसले. तिथे खरोखरच कागद काढले आणि परत ठेवून दिले.

सोमवार, ७ एप्रिल

साहेबांना फोटो दाखवले. साहेबांनी ते बारकाईनं पाहिले, आणि म्हणाले, "सुंदर! वॉलपेपर करण्यासारखे आहेत."

मग दार लावलं.

"मॅडम, गवत आहे, मान्य. पण किती आहे हे शब्दांवर असतं ना? आपण लिहू, 'गाळाचा तळ, विरळ वनस्पती.' खोटं नाही. गाळ आहेच, वनस्पती आहेच."

"विरळ नाही."

"विरळ कशाला म्हणायचं हे कुठे ठरलंय? रंगही फिकट घेऊ. तुम्ही ती साय पुसलेलीच आहे, तोच नकाशा ठेवा. सहीचा अधिकार तुमचा आहे, म्हणून विनंती. मंजुरी अडकली तर बंदरवाले मलाच धरतील. आणि तुमचं निवृत्तीचं वर्ष. मोठा समारंभ करू. मंत्री येतील म्हणतात."

मला मंत्री नकोत. मला समारंभही नको. मला सकाळी उठून कुठेही जायचं नसलेला एक दिवस हवाय, एवढंच. आणि गंमत अशी की एक शब्द लिहिला की तो मिळतो. विरळ. किती निरुपद्रवी शब्द आहे. माझे केस विरळ आहेत, चिरंजीवांचे फोन विरळ आहेत, कोणाचं काय बिघडलं?

"बघते," म्हटलं. साहेबांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. मीही तोच घेतला असावा.

बुधवार, ९ एप्रिल

जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं. मजकूर विरळ राहील, पण परिशिष्टात तुझे फोटो जोडू, म्हणजे पुढे कोणाला बघायचं असेल तर बघता येईल. मला वाटलं, मधला मार्ग काढल्याबद्दल कोणीतरी बरं बोलेल.

सूनबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "आई, तुम्हाला शांतता हवी असली की तुम्ही सगळंच साफ करता."

"सगळंच म्हणजे? एक थर फक्त."

ती यांच्याकडे बघायला लागली. हे ताटाकडे. मग ती उठली, वर गेली, आणि एक पिशवी घेऊन खाली आली. विद्यापीठाच्या अतिथीगृहात खोली आहे, तिथे राहते म्हणाली. खोकी नंतर नेईन.

"तुझ्या नवऱ्याला काय सांगू मी?" मी विचारलं. "माझ्याशी भांडून गेलीस म्हणून?"

ती दारात थांबली. "त्याला काही सांगावं लागणार नाही," म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी यांनी चहा केला. स्वतःहून. तेव्हाच मला समजायला हवं होतं की कोणीतरी गेलंय किंवा जाणार आहे.

"ते दोघं वेगळे झालेत," हे म्हणाले. "डिसेंबरपासून. कागदपत्रं झाली की नातेवाइकांना सांगू असं ठरलं होतं."

मी म्हटलं, "कोण दोघं?"

यांनी माझ्या समोर बिस्किटांची बशी सरकवली.

तवा, कोट, घड्याळ. बाई अख्खं घर घेऊन माझ्या दारात उभी होती, आणि मी तिला भाडं वाचवल्याबद्दल शाबासकी दिली. अंगठी. बोटं सुजतात! फोन. 'दमली असेल.' समजूतदार मुलगा! खोल पाण्याच्या तळावर पडलेली सायकल मी पडद्यावर ओळखून दाखवलेली आहे, अगदी तिला घंटी आहे की नाही तेही. माझ्या घरात मला काय दिसलं? कुंडी.

"तुम्हाला कधी कळलं?"

"जानेवारीत."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणाली, तिनं तुला सांगितलंय," हे म्हणाले. "दोनदा."

आज ऑफिसला गेले नाही. रक्तदाब मोजला. तो बरोबर होता. यंत्र बिघडलेलं असणार.

शुक्रवार, ११ एप्रिल

अतिथीगृहात गेले. जिन्यात फिनेलचा वास, खोलीत लोखंडी पलंग, खिडकीत वाळत घातलेला पाण्यातला पोशाख, त्याच्या पायांतून टपटप पाणी एका बादलीत. तिनं मला एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसली.

"तू मला सांगितलंस म्हणे."

"जानेवारीत. फोनवर, दोनदा. मी म्हटलं, आमचं जमत नाहीये, मी वेगळी राहतेय. तुम्ही म्हणालात, नव्या नोकरीत होतं असं. दुसऱ्या वेळी तुम्ही पडद्यांबद्दल बोललात."

"पडद्यांबद्दल काय?"

"धुवायला टाका म्हणालात."

बादलीत पाणी टपटपत होतं. पडदे खरंच फार मळले होते, हे मला आठवलं. ते मी बोलले नाही. रक्तदाबावर औषध चालू असल्याचा हा परिणाम.

"त्यानं काही केलं का?" मी विचारलं. "खरं सांग. माझा मुलगा आहे म्हणून झाकू नकोस."

"त्यानं वाईट काही केलं नाही. मीही नाही. एका घरात दोघं राहत होतो, पण एकमेकांना दिसेनासे झालो. त्याला हे फार लागलंय, आई. त्याच्यावर रागवू नका."

"कुणावर रागवायचं ते माझं मी बघते. मग माझ्याकडे का आलीस? हॉटेलं काय ओस पडली होती?"

ती विचार करून म्हणाली, "काम होतं. आणि लग्नाआधी मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले ना, तेव्हा दुपारभर तुम्ही मला खाडीच्या तळाबद्दल सांगत होता. मुलाबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, या बाईबरोबर काम करायचं. लग्न वगैरे नंतरचं."

ही स्तुती की तक्रार ते मला ठरवता आलं नाही. मी उठले. "उद्या शनिवार," म्हटलं. "मूळ नोंदी मी कधी फेकत नाही. पुसलेलं सगळं परत आणता येतं. पण एकटीला महिना लागेल. सकाळी ये. आणि ही बादली सरळ खाली ठेव, जमीन खराब होतेय."

रविवार, १३ एप्रिल

दोन दिवस जेवणाच्या टेबलावर दोन संगणक. ती पट्टा उघडते, मी साय परत आणते, ती फोटोशी ताडून पाहते, मी कड आखते. नऊ वेळा भांडलो असू. हे मध्ये मध्ये कॉफी आणून ठेवत होते आणि भूगोलाचा तास चांगला चालल्यासारखे खूश होते.

दुपारी चिरंजीवांचा फोन आला. बाबांनी कळवलं होतं.

"आई, तुला कळलं वाटतं."

"कळलं. सगळ्यांत शेवटी. कप्तानालासुद्धा माझ्या आधी माहीत होतं, मी विचारून घेतलं."

"ती अजून तिथेच आहे?"

"समोर बसलीय. गवताची कड काढतेय, आणि ती चुकवतेय."

"चुकत नाहीये," समोरून आवाज.

तो म्हणाला, "मला हे विचित्र वाटतं, आई. ती तुझ्याकडे असणं."

"मलाही वाटतं. पण तू महिन्यातून एकदा फोन करून थंडीबद्दल सांगतोस. ती रोज भांडते. मला कोणाशी तरी भांडायला लागतं."

तो हसायला गेला आणि मध्येच त्याचा आवाज, सायकलवरून पडून घरी यायचा तेव्हासारखा झाला. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं. तिथे काय बोललो ते वहीला सांगायची गरज नाही. शेवटी तो म्हणाला, सुट्टी मिळाली की येतो. मी म्हटलं, ये, आणि पडद्यांचं काही बोलले नाही.

सोमवार, २१ एप्रिल

आज नकाशा मांडला. बंदरवाले होते, मंजुरी देणारी समिती होती, साहेब नव्या टायमध्ये होते. पडद्यावर खाडी आली. लाल चौकोनाच्या आत, जवळजवळ अख्ख्या चौकोनात, गर्द हिरवा.

साहेब खुर्चीत पुढे आले. "मॅडम, हा रंग कुठून आला?"

"खालून," मी म्हटलं.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "याआधीच्या नकाशांत हे का नाही?"

साहेबांना वाटलं, आता ही अडकली. मलाही तसंच वाटलं. मी सांगितलं, आधीचे नकाशेही माझेच. गवताला मी यंत्राचा कचरा समजत होते आणि फार स्वच्छ पुसत होते. बाजूला बसलेल्या या तज्ज्ञांनी दाखवलं, तेव्हा कळलं. मग ती उठली आणि अंडी, मासे, पाती, मुळांनी धरून ठेवलेला गाळ, सगळं बोलली. कुठेही थांबा म्हणाली नाही.

बंदरवाल्यांनी विचारलं, "हे गवत दुसरीकडे नेता येईल का?"

"गाळ नेता येतो," ती म्हणाली. "तो अजून इथे आलेला नाही."

बाहेर आल्यावर साहेब दुसऱ्या जिन्यानं गेले. नकाशे रंगवणाऱ्यानं कानात सांगितलं, "मॅडम, तुमचा निरोप समारंभ आता अगदी साधेपणानं होणार असं दिसतंय." त्याला वाटलं, मला वाईट वाटेल.

शनिवार, २४ मे

निकाल आला. चौकोन खाडीबाहेर, खोल पाण्यात सरकवला, आणि आधी तिथलाही तळ मोजायचा. जहाजांचा मार्ग मात्र रुंद होणारच, आणि त्यात कुरणाची एक बाजू जाणार. मला वाटलं होतं, ती आनंदानं उड्या मारेल. ती नकाशावर ती बाजू बोटानं चाचपत बसली. मी म्हटलं, "बाकीचं राहिलं ना." म्हणाली, "हो." मग मी आणखी काही बोलले नाही. शेजारी बसले. हे मला नवीनच जमायला लागलंय आणि फार अवघड आहे.

कागदपत्रंही झाली त्यांची. ती आता माझी कायद्यानं कोणी नाही. विद्यापीठानं तिला कुरणावर लक्ष ठेवायचं काम दिलंय वर्षभराचं. गल्लीच्या टोकाला खोली घेतली. मी बघून आले. भिंतीला ओल आहे, नळ गळतो, आणि घरमालक स्वतःच्या मुलाबद्दल फार बोलतो.

रविवार, १ जून

आज पाणी आरशासारखं होतं, काही कारण नसताना. बोट घेऊन गेलो. ती, मी आणि कप्तान. हे काठावर बसले पुस्तक घेऊन.

मी सगळं आयुष्य या समुद्राचा तळ मोजण्यात घातलं आणि त्यात कधी तोंड घातलं नाही. पोहता येतं मला, पण गरज काय? खाली काय आहे ते मला पडद्यावर दिसतं. असं मी तिला सांगत असतानाच तिनं माझ्या डोक्यावरून मुखवटा चढवला. काच, रबर, तोंडात नळी. कप्तानानं दुसरीकडे तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"फक्त चेहरा पाण्यात ठेवायचा आणि श्वास घ्यायचा," ती म्हणाली. "बाकी काही करू नका. काही साफ करू नका."

उतरले. पाणी गार. पहिल्यांदा नुसता माझाच श्वास ऐकू आला, भात्यासारखा. मग डोळे स्थिरावले.

हिरवं होतं. पण मी नकाशात दिलं होतं त्या हिरव्याशी त्याचा काही संबंध नव्हता. सगळं एका दिशेनं कलत होतं आणि सावकाश परत येत होतं. पात्यांच्या मधून बोटाएवढे मासे, मग त्यांच्याहून छोटे, मग आणखी छोटे, जणू कोणी विसरून तिथे ठेवले होते. एका पात्यावर काचेच्या मण्यांसारखी अंडी. एक खेकडा मला बघून मागे सरकला आणि मग, ही बाई काही करत नाही असं पाहून, पुढे आला.

किती वेळ होते माहीत नाही. वर आले तर काच आतून ओली झाली होती. मुखवटा गळत असणार. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, तिचे मुखवटे गळत नाहीत. मी म्हटलं, हा गळतो.

बोटीच्या शिडीपर्यंत आलो तेव्हा कप्तान म्हणाला, "आता हात सोडा, मॅडम, नाहीतर वर कशा येणार?" कुणी कुणाचा हात धरला होता, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत.